बिराजदार बाईंचं रोम

सोलापुरात माझं जे काही बरं झालं, ते बिराजदार बाईंमुळे झालं. हे आधीच लिहून टाकते. पुढे मी सांगणार आहे त्यात बाईंचे उद्योगच जास्त येतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल, ही उपकार आठवतेय की गाऱ्हाणं घालतेय. गाऱ्हाणं नाही. बाई नसत्या तर पहिल्याच उन्हाळ्यात पिशवी भरून मी सावंतवाडीची गाडी धरली असती.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल नदीपलीकडे होतं आणि मधे लाकडी साकव. तो दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि दर दिवाळीत नवा बांधला जायचा. मी आठवीत गेले त्या वर्षी साकव गेला तो दिवाळीनंतरही आला नाही, आणि माझी शाळाही त्याच्याबरोबर गेली. पुढे लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. भाताची सवय असलेल्या माणसाला कडक भाकरी, हिरव्याची सवय असलेल्याला हे ऊन, आणि भोवती तिन्ही बाजूंना तीन भाषा. समोरच्या घरात तेलुगू, मागच्या घरात कानडी, आणि नळावर भांडताना सगळ्या एकदम. मी तोंड उघडलं की बायका हसायच्या, म्हणून मी तोंड उघडायचं बंद केलं होतं.

आमची खोली बाईंच्या घराला लागून, भाड्याची. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी बाहेर आरडाओरडा झाला, "रोम आलं, रोम आलं". गल्लीतली पोरं ओरडत पळत होती. मला वाटलं, कुत्रं पिसाळलंय. मी कडी लावून आत बसले. थोड्या वेळानं खिडकीत एक चष्मा आला आणि चष्म्याखालून आवाज आला, "अगं ए नवीन, रोम येऊन जायला लागलं की. भांडी घेऊन ये."

रोम म्हणजे नळाचं पाणी.

सोलापूरला उजनीचं पाणी येतं, पण ते चार-पाच दिवसांनी एकदा येतं आणि कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. बाई आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं म्हणणं असं, की दोन हजार वर्षांपूर्वी रोम शहरात चोवीस तास पाणी वाहत होतं. ते डोंगरातून निघायचं, आणि लोक दऱ्यांवर दगडी कमानींचे पूल बांधून त्यावरून शहरात आणायचे. "आणि आपल्याला पाचव्या दिवशी येतंय. म्हंजे आपण अजून रोमच्या आधीच्या काळात हाव," असं त्या म्हणायच्या. मग पाणी आलं की त्या दारात उभं राहून घोषणा करायच्या, आज तासभर आपण रोममध्ये हाव. पोरांनी त्यातलं तेवढं 'रोम' उचललं. पुढे म्हाताऱ्याही विचारायला लागल्या, आज रोम येणार का गं. बाईंना पाठीमागे सगळे रोमबाई म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि आवडत होतं.

अंगानं किरकोळ, केस पांढरे, कपाळावर विभूतीचं बोट आणि गळ्यात इष्टलिंग. बोलताना एक डोळा बारीक करायच्या. शिकवताना पुस्तकातलं मराठी, घरात सोलापुरी आणि राग आला की कानडी. कानडी सुरू झालं की समोरचा माणूस, त्याला कानडी येत असो नसो, गप्प व्हायचा.

त्यांचं माहेर तेर. धाराशिवजवळचं हे गाव पूर्वी मोठी बाजारपेठ होतं, तगर नावाची, आणि तिथला माल थेट रोमपर्यंत जायचा. तिथल्या मातीत त्या काळच्या रोमन वस्तू सापडतात, त्या तिथल्याच संग्रहालयात ठेवल्यात. हे खरं आहे, पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेलं बाई स्वतः घालायच्या. एकदा माझ्या नवऱ्याला थांबवून म्हणाल्या, "रोमचे लोक पुलावरून एवढं पाणी कशाला आणायचे? आंघोळीला. मोठमोठी स्नानघरं. मग एवढे लोक आंघोळ केल्यावर अंग कशानं पुसणार? तेरहून कापड जायचं. म्हंजे तुमचा टॉवेलाचा धंदा दोन हजार वर्षांचा हाय. मालकाला सांगा जाऊन." नवरा भाबडा. त्यानं खरंच सांगितलं. मालकानं विचारलं, हे कुठं लिहिलंय. बाई म्हणाल्या, "कुटं लिहिलेलं न्हाय. पण असायला पायजे का नको?"

घरात भिंतीवर त्यांचा एक जुना तक्ता होता, कापडावर चिकटवलेला. तीन मजली कमानींचा पूल. हा फ्रान्सच्या दक्षिण भागात अजून उभा आहे म्हणे. त्या भागावर रोमनांचं राज्य होतं आणि त्या भागाचं आजचं नावही रोमनांच्याच शब्दातून आलंय. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'प्रांत'. मला प्रांत म्हटलं की कचेरीतले प्रांतसाहेब आठवायचे, आणि मी विचारलं, साहेबांच्या नावानं आख्खा मुलूख? बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवावा लागला. मग म्हणाल्या, पाणी आणायच्या नादात बिचाऱ्यांना दुसरं नाव ठेवायला सवड मिळाली नसेल. त्या चित्रात पाणी दिसत नव्हतं, कारण आता तो पूल कोरडा आहे. बाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी वरच्या कडेला स्वतःच्या हातानं निळ्या रंगाचा पट्टा ओढला होता आणि पाणी खाली सांडतंय असं दाखवायला दोन-चार थेंबही काढले होते.

तो तक्ता पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, आमच्याकडे असतं हे. माझ्या माहेरी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी घळीपलीकडच्या बागेत आणायला पोफळीची खोडं मधोमध चिरून, कोरून, दोन-दोन काठ्यांच्या टेकूवर एकापुढे एक मांडतात. पन्हळ म्हणतात तिला. खालून आम्ही पोरं पळायचो आणि सांध्यातून गळणारं पाणी डोक्यावर घ्यायचो.

बाईंनी मला भिंतीकडे वळवलं. "तुझ्या पन्हळीत दगड हाय?"

"नाही. पोफळ."

"मोटर?"

"नाही. उतार असतो ना."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा तक्त्याकडे बघितलं. मग सुट्टीला पुण्याहून आलेल्या सुनेला हाक मारून म्हणाल्या की चहा ठेव, आपल्या घरात रोमन भाडेकरू आलीय. त्या दिवसापासून मी गल्लीत रोमची लेक झाले. बायका हसायच्या ते हसणं थांबलं नाही, पण आता त्यात मीही होते.

पन्हळ ऐकून बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. घरातले नळ नुसते ठिबकायचे, धार असायची ती सार्वजनिक नळाला. तो गटाराच्या पलीकडे, आणि घागरी घेऊन गटार ओलांडताना सगळ्या बायका घसरायच्या. बाईंनी भंगारातून पत्र्याच्या पन्हळी आणल्या, मला मुकादम केलं, आणि विटांच्या टेकूवर नळापासून आमच्या हौदापर्यंत पूल बांधला. मधे तो शेजारच्या अंगणावरून जात होता. अंगणात शेजारणीनं ज्वारीचे पापड वाळत घातलेले. पहिलं पाणी सोडलं आणि त्यातलं निम्मं पापडांवर गेलं. शेजारीण तेलुगूत सुरू झाली, बाई कानडीत, आणि मी मधे उभी राहून मालवणीत रडत होते. शेवटी बाईंनी पापडांच्या बदल्यात स्वतःच्या शेंगाचटणीची बरणी दिली आणि म्हणाल्या, गळणार तर, रोमचेही गळायचे.

गल्लीत काही घरांत नळाला मोटर लावून पाणी ओढायचे. आमच्याकडेही होती, हे सांगायला हवं. बाई भांडल्या नाहीत. रिकामी घागर घेऊन ज्याच्या घरात मोटर चालू असेल त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायच्या आणि आतल्या माणसाला प्रेमानं इतिहास सांगायच्या. रोममध्येही लोक चोरून भोकं पाडून पाणी घ्यायचे, त्यांना पकडायला माणसं नेमलेली असायची. "म्हंजे आपली गल्ली अगदीच मागं न्हाय. चोरीपर्यंत आपण रोमन झालोय, आता पुलापर्यंत यायचं तेवढं ऱ्हायलं." माझ्या नवऱ्यानं तिसऱ्या वेळेला मोटर काढून माळ्यावर टाकली.

मग नवऱ्याच्या मागांवर पाळ्या कमी झाल्या आणि घरात मी दिवसभर गप्प बसायला लागले. बाईंनी काय केलं, तर आपल्या जुन्या शाळेत जाऊन मला शाळेच्या गाडीवर ताई म्हणून लावलं. मुलांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं, गाडी कुठं थांबली की ऑफिसला फोन करायचा. मुख्याध्यापक सर चांगले, पण शिस्तीचे. त्यांना निदान दहावी झालेली बाई हवी होती. बाईंच्या शब्दाखातर म्हणाले, संक्रांतीपर्यंत बघू. मी संक्रांतीकडे डोळे लावून, श्वास रोखून काम करत होते. ती नोकरी मला कशी हवी होती ते सांगता येत नाही. शाळेच्या फाटकातून रोज आत जायला मिळत होतं, एवढं म्हणते.

जानेवारीत, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, सातवीची सहल निघाली, तेरला. बाईंना जाणकार म्हणून बोलावलं होतं. त्यांनी अट घातली की जाताना मोहोळकडून जायचं, कारण तिथं एका ठिकाणी उजनीचा कालवा ओढ्यावरून पुलानं पलीकडे जातो आणि रस्ता त्या पुलाखालून जातो. आधी पोरांना पूल दाखवू, मग माझं माहेर. सर म्हणाले, कालवा कोरडा असला तर मुलं काय भिंत बघणार? बाई म्हणाल्या, पाणी असंल. कालव्याला पाणी कधी सुटतं ते सोडणाऱ्यांनाच माहीत, पण बाईंनी पैज लावल्यासारखं सांगितलं.

आणि पाणी होतं. कडक ऊन, ढगाचं नाव नाही, आणि आमच्या डोक्यावरून आख्खा कालवा चाललेला. सांध्यांतून धारा गळत होत्या. बाई गाडीतून उतरल्या, पुलाखाली जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर मागं सारून पाणी अंगावर घेतलं आणि पोरांबरोबर ओरडायला लागल्या. त्या वयाच्या बाईला असं ओरडताना मी बघितलं नव्हतं. मधेच वळून मला म्हणाल्या, "लाव फोन ऑफिसला. सरांना सांग, पुलावरून पाणी चाललंय. लई बरं वाटंल त्यांना."

मी फोन लावला. तो ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी उचलला. भाऊसाहेब सीना नदीच्या काठच्या गावचे, सीनेचा पूर घरात घेतलेले. मी म्हटलं, "भाऊसाहेब, बाईंनी सांगायला सांगितलंय, पुलावरून पाणी चाललंय."

"किती?"

"काठोकाठ."

"गाडी कुटं हाय?"

"पुलाखाली."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग बारीक आवाज आला, "आणि पोरं?"

"पोरंपण पुलाखालीच आहेत. भिजलीत सगळी. बाई ओरडतायत."

तिथं फोनची रेंज गेली. मला वाटलं, निरोप चांगला पोहोचला.

आम्ही तेरला पोहोचून संग्रहालयातले मातीचे दिवे बघत होतो तेव्हा रेंज आली आणि माझा फोन थरथरायला लागला तो थांबेना. इकडे सोलापुरात भाऊसाहेबांनी शाळेची घंटा बडवली होती. फाटकावर आईबाप जमलेले. एक आजोबा दोर घेऊन आले होते. दोघे जण मोटारसायकलवर मोहोळच्या दिशेनं निघालेसुद्धा. जानेवारीचं निळं आभाळ सगळ्यांच्या डोक्यावर होतं, पण मान वर करून कोणी बघितलं नाही. आमच्याकडच्या माणसाला 'पुलावरून पाणी' या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक, आणि मी तर साकवाच्या गावची, मला तरी समजायला हवं होतं.

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सरांना शांतपणे म्हणाल्या, "सर, पुलावरूनच जायला पायजे ना पाणी. त्यासाठीच बांधलाय तो." त्यानं प्रकरण जास्तच चिघळलं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा सरांचा चेहरा उतरलेला होता. ते रागावले त्याचं मला वाईट नाही वाटलं. दिवसभर त्यांनी काय सोसलं असेल ते दिसत होतं. पण ते म्हणाले, "माणूस शिकलेला असता तर काय शब्दांत सांगायचं हे कळलं असतं. उद्या ऑफिसात या, हिशोब करून टाकू." मी मान खाली घालून घरी आले आणि पिशवी काढली. कपडे भरते आहे तोवर खिडकीत चष्मा आला.

"काय करतीस?"

"माहेरी जाते."

"एका पुलापायी तुझी शाळा गेली," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या पुलापायी नोकरी जाऊ द्यायची न्हाय. पिशवी ठेव. सकाळी माझ्यासंगं चल, आणि तोंड उघडू नको. ते तुला चांगलं जमतं."

सकाळी बाई तक्ता गुंडाळून काखेत मारून निघाल्या. हातात डबा होता, फडक्यात बांधलेला. शाळेत शिरल्यावर मला व्हरांड्यात बसवून त्या भाऊसाहेबांच्या खोलीत गेल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा डबा नव्हता. मग आम्ही सरांच्या खोलीत गेलो. बाईंनी टेबलावर तक्ता पसरला, चार कोपऱ्यांवर सरांच्याच वस्तू ठेवल्या आणि पुस्तकातल्या मराठीत म्हणाल्या, "सर, तुमचं म्हणणं बरोबर आहे. हिला निरोप देता येत नाही. तेव्हा ही जाण्यापूर्वी तुम्ही तो कसा द्यायचा ते हिला एकदा दाखवा. हे तुमच्यासमोर दृश्य. हा फोन. भाऊसाहेबांना सांगा काय दिसतंय."

सर हसले नाहीत, पण बाई त्यांच्याही वरिष्ठ होत्या. त्यांनी फोन उचलला. भाऊसाहेब भिंतीपलीकडेच, त्यामुळे त्यांचं बोलणं फोनमधून आणि भिंतीतून असं दोनदा ऐकू येत होतं.

सर म्हणाले, "भाऊसाहेब, मी एका जलसेतूसमोर उभा आहे."

"सेतूसमोर? दाखला काढायचाय का सर? सेतू केंद्र तहसीलात हाय, बारापर्यंत गर्दी असती."

सरांनी फोनवर हात ठेवून बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"ते सेतू नव्हे हो. पूल. पाण्याचा पूल."

"पाण्यात गेला का सर?"

"गेला नाही. व्यवस्थित आहे. त्याच्या वरून, म्हणजे पुलावरून," आणि सर थांबले. त्यांना दुसरा शब्द शोधायचा होता. आम्ही सगळे वाट बघत होतो. निळ्या पट्ट्याकडे बघून शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "पुलावरून पाणी चाललंय."

भिंतीपलीकडे खुर्ची सरकली आणि दुसऱ्या क्षणाला शाळेची घंटा वाजायला लागली. वर्ग धाडधाड बाहेर आले. पोरं मैदानात, मास्तर पोरांच्या मागं, आणि कुणाला काही कळेना. सरांनी फोन खाली ठेवला. आधी त्यांचे खांदे हलले, मग ते टेबलावर डोकं टेकवून हसायला लागले. काल दिवसभराचं सगळं त्या हसण्यात निघून गेलं असावं. डोळे पुसत मला म्हणाले, "जा ताई, मुलांना वर्गात बसवा. आणि मोजून बसवा." संक्रांतीची मुदत कोणी पुन्हा काढली नाही.

परत येताना माझ्या मनात एक गोष्ट खुपत होती. घंटा व्हरांड्याच्या टोकाला आहे. भाऊसाहेबांचे गुडघे दुखतात. इतक्या लवकर ते तिथं पोहोचले कसे? आणि त्या डब्यात काय होतं? मी बाईंना विचारलं. त्यांनी एक डोळा बारीक केला. "शेंगापोळ्या होत्या. निम्म्या भाऊसाहेबांना, निम्म्या घंटेपाशी उभ्या केलेल्या शिपायाला. रोमन लोक आधी उतार बघायचे, मग पाणी सोडायचे."

यापुढचं थोडंच आहे. गेल्या उन्हाळ्यात बाईंना मुलगा पुण्याला घेऊन गेला. त्याच्या सोसायटीत चोवीस तास पाणी असतं. बाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाल्या, मग तिथं मला ओरडायला काय ऱ्हाणार? पण त्यांचे गुडघे आणि घागरी यांचं जमेना, म्हणून गेल्या. जायच्या दिवशी दारात गाडी उभी, सामान भरलेलं, आणि नेमका नळ सुटला. बाई गाडीतून उतरल्या. मुलगा घड्याळ बघत राहिला. त्यांनी पत्र्याच्या पुलापाशी जाऊन एक सांधा जरा वर उचलून ठेवला, गळका होता तो. मग माझ्या हातात तक्त्याची गुंडाळी दिली आणि पुन्हा बसल्या. गाडी कोपऱ्यावर वळताना काचेतून हात बाहेर आला, ओला होता, आणि आवाज आला, "रोम आलं की फोन करत जा गं."

मी करते. पाणी आलं की आधी त्यांना फोन, मग हंडे. पलीकडून त्या विचारतात, किती, आणि मी म्हणते, काठोकाठ.

पण एवढ्यानं फिटणार नाही. त्यांनी आयुष्यभर ज्या पुलांचं सांगितलं त्यातला माझ्याकडचा एक त्यांनी अजून बघितलेला नाही. माहेरी आता घळीवर काळा पाइप आहे. मी दादाला फोन करून सांगून ठेवलंय, वाऱ्यानं पोफळ पडली तर तोडून चुलीत घालू नको, चिरून ठेव. तो विचारतो, कशाला. मी म्हणते, पाहुणी यायचीय. खोडं पुरेशी झाली की मी बाईंना माझ्या माहेरी नेणार आहे, पन्हळीच्या गळक्या सांध्याखाली उभं करणार आहे, आणि तिथून शाळेत फोन लावून भाऊसाहेबांना सांगणार आहे की पुलावरून पाणी चाललंय आणि बाई खाली ओरडतायत.